जोडाखालचे तीन सेकंद

सुकुमार मगदुमांना आयुष्यात कशाचा गर्व असेल, तर तो आपल्या उजव्या अंगठ्याचा. इचलकरंजीत पन्नास वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, घर बांधलं, लेकीचं लग्न केलं. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. ते काय, सगळेच करतात! अंगठा मात्र त्यांचाच. १९८७ साली टीव्हीवर मालिका चालू असताना मध्येच जाहिरात नाहीतर निवेदन आलं, की हा अंगठा व्हीसीआरच्या पॉज बटणावर असा पडायचा, की पुढं कॅसेट लावून बघणाऱ्याला मध्ये काही होतं याचा पत्ताच लागू नये.

“आपली फीत म्हणजे निवडलेला तांदूळ,” ते सांगायचे. “दाताखाली खडा यायचा न्हाई.”

अशा कॅसेटी अकराशे बेचाळीस. माडीवरच्या खोलीत लोखंडी कपाटांत त्या ओळीनं उभ्या होत्या, आणि हवा कोरडी ठेवणारं एक यंत्र तिथं बारा महिने घुरघुरत असायचं. गल्लीनं चाळीस वर्षं या पसाऱ्याची चेष्टा केली. भंगारवाला आला की समोरचा कुणीतरी हमखास ओरडायचा, “अण्णा, पाव्हणा आलाय बघा तुमचा!”

मग काळच असा फिरला, की चेष्टा करणारे गप्प झाले.

झालं असं, की यंत्रांना काहीही नवं बनवता येऊ लागलं, आणि मग जुनंही बनवता येऊ लागलं. ‘चिटणिसांची खानावळ’ नावाची एक तेरा भागांची विनोदी मालिका होती, १९८७च्या जून ते ऑगस्टमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी लागायची. टेप तेव्हा महाग, त्यामुळं मुंबईच्या दूरदर्शन केंद्रानं तिच्या टेपा पुढं दुसऱ्याच कार्यक्रमांना वापरून टाकल्या. चार वर्षांपूर्वी कुणीतरी यंत्राला सांगून तिचा चौदावा भाग बनवला. मग पंधरावा. होता होता साठ झाले. तेच नट, तेच आवाज, भिंतीवरचे पोपडेसुद्धा तेच. एका भागात चिटणिसांच्या विधवा बहिणीचं लग्न लावून दिलं, आणि लोकांना ते इतकं आवडलं, की खऱ्या तेरा भागांतलं तिचं एकटेपणच त्यांना खोटं वाटू लागलं. अण्णांनी आपल्या कॅसेटींवरून हौसेनं उतरवून दिलेल्या प्रतीही त्या गर्दीत मिसळून गेल्या. खरी कुठली, बनवलेली कुठली, काही कळेना. संगणकावरच्या चित्राला पुरावा म्हणून काडीची किंमत उरली नाही.

किंमत उरली ती फितीला. पन्नास वर्षं म्हातारी झालेली चुंबकी फीत खोटी बनवणं अजून कुणाला साधलं नव्हतं. मुंबईत नवं चित्रवाणी संग्रहालय झालं, त्यानं नियमच करून टाकला: मूळ फीत पाहिजे, आणि तिला कुठंही कात्री लागलेली नको. कारण खोटेपणा आत शिरायचा तो कापून चिकटवलेल्या जागेतूनच. कात्री न लागलेल्या फितीला ‘अखंड’ असा शिक्का मिळायचा. कात्री लागलेली फीत नकलांच्या रांगेत.

‘खानावळी’च्या अखंड फिती सगळ्या महाराष्ट्रात एकाच माणसाकडं निघाल्या. तीन कॅसेटी, तेरा भाग. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. निलोफर मुजावर यांनी त्या तपासून शिक्क्याची शिफारस केली. सोमवारी संग्रहालयाची गाडी न्यायला येणार होती, आणि तिथल्या एका दालनावर ‘मगदूम संग्रह’ अशी पाटी लागणार होती. अण्णांनी नवं धोतर आणलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं?

गुरुवारी सकाळी निलोफर आली ती एका बाईंना बरोबर घेऊन.

“अण्णा, या कुमुद मिरजकर. मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. माझ्या अब्बांचं सगळं यांनीच केलं शेवटच्या दिवसांत.”

कुमुद पंचावन्न वर्षांची, उंच, केस बारीक कापलेले, डाव्या भुवईतून गेलेली जुनी खूण. तिनं चहाला नको म्हटलं, कपाटांकडं एकदा नजर टाकली आणि सरळ विचारलं, “अण्णा, तुमच्याकडं खानावळ आहे. खानावळीच्या मध्ये जे लागायचं, ते आहे का?”

अण्णांना हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता. “मध्ये? मध्ये जाहिराती असायच्या की. आन ते आपलं... हरवलेल्या माणसांच्या फोटोंचं निवेदन, ‘हरवले आहेत’. ते मी कशाला ठेवतोय?”

“तेच,” कुमुद म्हणाली. “ते हवं होतं.”

१९८७च्या मे महिन्यात मिरज जंक्शनच्या बाकावर एक साडेतीन वर्षांची मुलगी सापडली होती. अंगात ताप, आणि तोंडातून शब्द नाही. वर्षभर ती बोललीच नाही. बालगृहात तिला कुमुद नाव दिलं, आणि सापडली मिरजेत म्हणून आडनाव मिरजकर. पोलिसांची कागदपत्रं पुढं पुरात गेली. मोठेपणी तिनं रक्ताचा नमुना देऊन पाहिला; पण पलीकडच्यांनी नमुना दिलेलाच नसेल तर जुळणार कुणाशी? मग एकदा धीर करून तिनं बालगृहातला आपला फोटो सगळीकडं पाठवला.

“महिन्याभरात एकोणचाळीस आया मिळाल्या मला,” ती म्हणाली. “प्रत्येकीकडं माझ्या बारशाचा व्हिडिओ. पाळण्यात मी, मांडीवर मी. सगळे यंत्रानं केलेले. काय हवं होतं त्यांना, देव जाणे. एकीच्या घरी तर मी चार दिवस राहून आले, अण्णा. तिला आई म्हणाले.”

राजमतीकाकी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, ताकाचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

“आता मला आई नको,” कुमुद म्हणाली. “आई मिळाली तर मिळाली. मला एवढंच बघायचंय, की मला कुणी शोधलं होतं का. मी हरवले होते, की मला टाकलं होतं. ज्याचं पोर हरवतं तो टीव्हीवर फोटो देतोच देतो. दिला होता का? बस्स.”

“पण सिस्टर, मी ते घेतलंच न्हाई तर दाखवू कुठनं?”

इथं निलोफर पुढं सरकली. “अण्णा, तुमच्या जोडावर इंद्रधनुष्य दिसतं ना?”

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांच्या स्वच्छ फितीत तेवढा एकच डाग होता. पॉज सोडून मालिका पुन्हा सुरू झाली, की त्या जोडावर दोन-तीन सेकंद चित्रावर रंगांच्या लाटा उठायच्या. “ते घरगुती मशिनीचं असतंय. माझी चूक न्हाई ती.”

“तुमची नाहीच. ऐका तर.”

निलोफरनं समजावून सांगितलं, ते असं. फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोखंडी पुडीचा लेप. पुडीचा एकेक कण हा इवलासा लोहचुंबक. रेकॉर्डिंग करायचं म्हणजे या कणांची तोंडं ठरावीक दिशांना वळवायची. फीत पुढं सरकते तशी ती आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, तिथं सगळ्या कणांची तोंडं विस्कटतात. मग ती लिहिणाऱ्या हेडवर येते, तिथं नवं चित्र उमटतं. घरगुती व्हीसीआरमध्ये या दोन हेडांत सात सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे पॉज सोडला, त्या क्षणी मधली सात सेंटिमीटर फीत पुसणाऱ्या हेडच्या पुढं निघून गेलेली असायची. ती कधी पुसलीच गेली नाही. नवं चित्र तिच्यावर तसंच लिहिलं गेलं, जुन्याच्या डोक्यावर. सात सेंटिमीटर म्हणजे तीन सेकंद.

“वरच्या कणांवर खानावळ आहे. खालच्या कणांची तोंडं अजून जुन्या दिशेलाच आहेत. तेच खालून डोकावतं म्हणून रंग हलतात. आता सांगा, पॉज दाबल्यावर तुम्ही काय करत होता?”

“फीत जरा मागं घ्यायची. निवेदन जिथं सुरू झालंय त्या जागेवर नेमकी आणून ठेवायची. मग जाहिराती संपल्या की सोडायची.”

“म्हणजे निवेदनाचे पहिले तीन सेकंद मध्यंतरानंतरच्या खानावळीच्या खाली गेले. तुमचा अंगठा पडेपर्यंत जेवढं आलं असेल तेवढं.”

तिच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांपूर्वी आलेलं यंत्र हे तळचं वाचत होतं. हिऱ्याच्या टोकांमध्ये अणूएवढ्या जागा रिकाम्या ठेवलेल्या, आणि त्या जागांना एकेका कणाचं चुंबकत्व समजायचं. फक्त त्यासाठी तो तुकडा कापून काचेवर ताणून बसवावा लागे आणि हळूहळू तापवावा लागे. ऊब लागली की वरचे कण आधी आपली दिशा सोडतात, खालचे उशिरा. त्या मधल्या वेळात वाचून घ्यायचं. नंतर तुकडा कोरा.

“कापून?” अण्णा म्हणाले.

“कापून. दर जोडाला सात सेंटिमीटर.” निलोफरनं मान खाली घातली. “आणि मग ‘अखंड’ची शिफारस मलाच मागं घ्यावी लागेल. आज तुम्हाला हे सांगायला मी कशी आले, मलाच ठाऊक.”

अण्णा उठले, कपाटाला टेकून उभे राहिले. “सिस्टर, तुमचं दुःख मला कळतंय. पण या तीन फिती म्हंजे माझ्या एकट्याच्या न्हाईत. ह्या गेल्या की खरी खानावळ कुठली ते सांगायला जगात काय उरत न्हाई. आन खरं सांगू? जोडाखाली कायसुद्धा सापडायचं न्हाई तुम्हाला. माझा अंगठा लई जलद होता.”

कुमुदनं वाद घातला नाही. पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला, त्यावर तिचा पत्ता होता. “माझं काही म्हणणं नाही, अण्णा,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मगदुमांकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. त्या दिवशी अण्णांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

राजमतीकाकी ताट उचलायचं सोडून समोर बसल्या. “तुम्हाला आठवतंय, मी तवा काय म्हणायची?”

“काय म्हणायचीस?”

“‘अहो, एवढं पोराचं नाव तरी पुरं होऊ द्या.’ दर गुरुवारी म्हणायची. आन तुम्ही म्हणायचा, रडगाणं कशाला भरून ठेवायचं कॅसेटीत.”

“मग काय चुकलं? लोक हसायला बघतात खानावळ.”

“चुकलं म्हणत न्हाई मी. तवा कुणाला ठाऊक होतं? आता ठाऊक हाय.”

अण्णा भडकले. “एक्कावन्न वर्षं जपलं, राजमती! पुरात डोक्यावर घेऊन बसलो ही कपाटं. सोमवारी गाडी येणार, आन तू म्हणतीस कात्री लाव?”

“एक्कावन्न वर्षं तिनंबी काढलीत की,” काकी म्हणाल्या. “तुमच्या खानावळीला बघायला लोक हाईत. तिला कोण हाय?”

अण्णांनी चूळ भरली आणि वर निघून गेले. कपाट उघडून ते बराच वेळ तीन कॅसेटींकडं बघत राहिले. त्यांना मनातून एकच भीती वाटत होती, आणि ती दालनाच्या पाटीची नव्हती. जोडाखाली काहीतरी सापडेल, याची होती.

शुक्रवारी सकाळी पहिली कॅसेट पंच्यात गुंडाळून ते कोल्हापूरला गेले. “एकच आणलीय,” निलोफरला म्हणाले. “पाच भाग, पाच जोड. पुढचं पुढं. बोलवा सिस्टरना.”

कुमुद मिरजेहून दोन तासांत आली. निलोफरनं फीत बाहेर ओढून जोडाची जागा पांढऱ्या पेन्सिलीनं दाखवली आणि कात्री हातात घेतली. अण्णांनी ती तिच्याकडून काढून घेतली.

“माझ्या हातानं कापतो.”

कात्रीचा आवाज अगदी बारीक आला, कागदासारखा. झालं. पन्नास वर्षांचं अखंडपण एका आवाजात संपलं.

तुकडा काचेवर बसला, तापायला लागला, पडद्यावर आधी खानावळीचं चित्र फिकट झालं आणि त्याच्या मागून एक म्हातारा हळूहळू वर आला. फेटा, पांढऱ्या मिशा. आवाजाची पट्टी फितीच्या कडेला असते, तिथला आवाज पुसट होता, पण होता: “या छायाचित्रातील गृहस्थ, नाव सखाराम...” आणि संपलं.

अण्णांना वाटू नये ते वाटलं. आनंद वाटला. पन्नास वर्षांत कुणी न पाहिलेलं काहीतरी आपल्या फितीतून निघालं, या विचारानं त्यांच्या अंगावर शहारा आला, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या म्हाताऱ्यालाही कुणीतरी शोधत होतं.

दुसऱ्या जोडाखाली एक कॉलेजातला मुलगा निघाला. तिसऱ्याखाली एक बाई. कुमुद हात मांडीवर ठेवून बसली होती, तिचा चेहरा दगडी.

चौथ्या जोडाखालून एक मुलगी वर आली.

ठिपक्यांचा फ्रॉक, दोन रिबिनी, डाव्या भुवईतून गेलेली ताजी खूण. कुणाच्या तरी लुगड्याचा काठ तिनं मुठीत धरला होता. लुगडं नेसलेलं माणूस चौकटीबाहेर राहिलं होतं. निवेदिकेचा आवाज आला: “या छायाचित्रातील मुलगी, नाव सुगंधा...”

तीन सेकंद संपले.

निलोफरनं बालगृहातला फोटो शेजारी ठेवायला घेतला, पण त्याची गरज नव्हती. कुमुदचा हात आपोआप भुवईकडं गेला होता.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली.

तुकडा कोरा झाला होता, पण यंत्रानं वाचून ठेवलं होतं. निलोफरनं पुन्हा लावलं. पुन्हा. पाचव्यांदा लावलं तेव्हा कुमुदनं ते नाव स्वतःच्या तोंडानं म्हणून पाहिलं. “सुगंधा.” दुसऱ्याच कुणाला हाक मारावी तसं. आणि मग तिला हुंदका आवरला नाही. “होतं हो. होतं कुणीतरी! फोटो घेऊन गेलं होतं मुंबईला!”

अण्णांनी डोळे पुसले. पाचवा जोड राहिलाच होता, तोही कापला. पुढच्या गुरुवारचा. चित्र वर आलं, आणि अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. तीच मुलगी. तोच फ्रॉक. “या छायाचित्रातील मुलगी, ना...” एवढंच. दोन सेकंद.

“पुन्हा दिला होता,” निलोफर हळू आवाजात म्हणाली. “दुसऱ्या आठवड्यात.”

अण्णांनी घरी फोन लावला. “राजमती, उरलेल्या दोन्ही घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. कुणाचीबी गाडी घे.”

काकी दुपारी आल्या, कॅसेटी पदराखाली धरून. मग सहावा जोड. तीच मुलगी. “या छायाचित्रातील मु...” दीड सेकंद. सातवा. तीच. “या छायाचि...” एक सेकंद. निलोफर आधी प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं सांगत होती, आठव्याला तिनं सांगायचं सोडून दिलं. आठव्याला नुसतं “या” होतं. नवव्या जोडाखाली शब्दच नव्हता. चित्र वर आलं न आलं तोच गेलं. यंत्रानं मोजलं होतं, आठ चौकटी. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

दहाव्याखाली दुसराच चेहरा होता. पुढंही दुसरेच.

अण्णा खाली बसले. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. अंगठा का जलद झाला होता, हे त्यांच्याशिवाय कुणाला कळणार? फोटो ओळखीचा झाला होता. अरे, पुन्हा तीच, असं म्हणून ते बटणावर अंगठा ठेवूनच बसले असणार. सहा गुरुवार कुणीतरी मुंबईच्या त्या केंद्राच्या पायऱ्या चढून, हातापाया पडून आपल्या पोरीचा फोटो सगळ्यांत पहिला लावून घेत होतं, आणि सहा गुरुवार इचलकरंजीत एक माणूस तो आणखी आणखी चपळाईनं कापत होता.

“मी कापलं ते,” ते म्हणाले. “सिस्टर, मी कापलं.”

कुमुदनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण इतक्या वर्षांत बसलेलं काहीतरी त्यावरून उठलं होतं. “सहा आठवडे, अण्णा,” ती म्हणाली. “टाकून देणारं माणूस सहा आठवडे येत नाही. मला टाकलं नव्हतं. मला हे पुरे.”

काकींनी तिला जवळ घेतलं. निलोफरनं पाणी आणलं. अण्णांना वाटलं, आता ही बाई आपल्याला माफ करून उठेल, आणि त्यांनी मनातल्या मनात त्याचीच वाट पाहिली.

कुमुद पाणी प्यायली. पेला हातात तसाच राहिला. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं डोकं होतं ते, रडून झाल्यावर पुन्हा कामाला लागलं.

“अण्णा, एक विचारू? तुम्ही पॉज दाबल्यावर टीव्ही बंद व्हायचा?”

“न्हाई. टीव्हीचा काय संबंध? फीत थांबायची नुसती. टीव्ही चालूच.”

“आवाज?”

“आवाज... चालूच की.”

“म्हणजे खोलीत सगळं ऐकू यायचं. माझं पूर्ण नाव, गाव, कुणाला कळवायचं ते.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्ही ते ऐकलंय. सहा वेळा.”

निलोफरनं यंत्राचा पंखा बंद केला. अण्णांनी बायकोकडं पाहिलं. काकींनी पदर तोंडाला लावला होता.

“मी न्हाई ऐकलं,” त्या म्हणाल्या. “आमची लेक चार म्हयन्यांची होती. नाव पुरं होऊ द्या म्हणायची खरं मी, पण फोटो आला की तिला उराशी धरायची आन कान झाकून घ्यायची. माझ्याच्यानं ऐकवायचं न्हाई गं, बाई. माफ कर मला.”

कुमुदनं त्यांच्या हातावर थोपटलं, आणि मग अण्णांसमोर स्टूल ओढून बसली. रुग्णाशी बोलावं तशी ती बोलली, हळू आणि स्पष्ट. “घाई नाही. डोळे मिटा. गुरुवार आहे. चौथा भाग. जेवणं झालीत, काकी शेजारी आहेत. मध्यंतर झालं, फोटो आला, तुम्ही बटण दाबलं. ती बाई पुढं बोलतेय. काय बोलतेय?”

अण्णांनी डोळे मिटले. सगळं दिसलं. खोली दिसली, टीव्हीचं लाकडी खोकं दिसलं, वायरचा रिमोट हातात आला. निवेदिकेच्या केसांतला गजरा दिसला. त्यांनी तोंड उघडलं. “या छायाचित्रातील मुलगी, नाव सुगंधा...” आवाज त्यांच्या घशात तयार होता, पुढचे शब्द ओठांवर आलेले त्यांना कळले, आणि ते भडाभडा बाहेर पडले:

“...अहो चिटणीस, आज आमटीत मीठ कुणी टाकलं म्हणायचं?”

खानावळीचं वाक्य होतं ते. मध्यंतरानंतरचं पहिलं. पन्नास वर्षांत हजार वेळा ती स्वच्छ फीत त्यांनी लावून पाहिली होती, आणि फोटोनंतर त्यांच्या डोक्यात आता तेच होतं.

अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. काकी रडायला लागल्या. कुमुद हलली नाही. तिनं स्टूल आणखी थोडं पुढं ओढलं.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“या छायाचित्रातील मुलगी,” अण्णांनी सुरुवात केली, “नाव सुगंधा...”